आल्मुटबाईंच्या खिडकीतलं गांजाचं झाड

जर्मनीतल्या आमच्या युल्त्सनमध्ये माणूस ठीक आहे की नाही, हे त्याच्या खिडकीच्या शटरवरून कळतं. उजाडलं की शटर वर, अंधारून आलं की खाली. कोणाचं शटर उन्हं आली तरी वर गेलं नाही, तर समोरची बाई हातातलं काम टाकून रस्ता ओलांडते आणि घंटा वाजवते. आत माणूस नुसताच झोपलेला निघाला, तर पुढे आठवडाभर बेकरीत त्याची थट्टा होते. आल्मुट हिन्रिक्सबाईंनी अशी वेळ स्वतःवर कधी येऊ दिली नाही. त्यांची शटरं इतकी वेळेवर खाली यायची, की समोरच्या डेटमरबाई तो खडखडाट ऐकून बटाटे उकडायला ठेवायच्या.

आल्मुटबाईंची उभी हयात एका इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुण्यात गेली. नवरा होता, तो मुलगा शाळेत जायला लागायच्या आत दुसऱ्या बाईबरोबर ब्रेमेनला निघून गेला. आल्मुटबाईंनी दारावरची त्याच्या नावाची पाटी काढली, स्क्रूची भोकं लांबी भरून बुजवली आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाल्या. या विषयावर त्या जन्मात एकच वाक्य बोलल्या, "गेला तो गेला." बोलण्याचं त्यांना मुळातच वावडं. मायासुद्धा न बोलता करायच्या. ती इस्त्रीच्या घडीत असायची, पोस्टाने पाठवलेल्या लोकरी मोज्यांत असायची. ज्याला ओळखता येईल त्याने ओळखावी, असा सगळा कारभार.

मुलाला, थिलोला, ती ओळखता येते असं त्या धरून चालल्या होत्या. थिलो चौतीस वर्षांचा. हानोव्हरला लिंडन भागात एका खोलीत राहायचा आणि पार्सलच्या गोदामात रात्रपाळी करायचा. दर रविवारी कॉफीच्या वेळेला त्याचा फोन यायचा.

"झोपतोस ना नीट?"

"झोपतो गं आई."

"जेवतोस ना?"

"जेवतो."

"बरं मग."

फार रंगात आल्या तर दोन वाक्यं हवेवर. मग फोन खाली.

ऑगस्टच्या अखेरीस एका पाळीत, गोदामातच, थिलोच्या मेंदूतली शीर फुटली. रुग्णवाहिका यायच्या आत सगळं आटोपलं होतं. कधी साधं डोकं दुखलं म्हणून न सांगणारं पोर. याला काही कारण नाही, आणि अशा वेळी कारण शोधत बसणाऱ्यांचा मला राग येतो. दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये बटरकेक खाताखाता अर्धं गाव तेच करत होतं. आल्मुटबाई सगळ्यांच्या कपात कॉफी ओतत फिरत होत्या. रडल्या नाहीत. काही बायकांना ते आवडलंही नाही.

दुसऱ्याच दिवशी त्या थिलोची खोली आवरायला हानोव्हरला गेल्या. घरमालक म्हणाला होता, सावकाश करा, घाई नाही. पण काम पुढ्यात असताना हात बांधून बसणं त्यांना जमत नसे. मदतीला थिलोच्या गोदामातला लेव्हेंट आला. हा तिथे व्हॅन चालवायचा. मोठाल्या हातांचा, दाढीवाला, लिंडनमध्येच जन्मलेला तुर्की मुलगा. दफनाला तो आला होता, पण मागे उभा राहून मागच्या मागे निघून गेला होता, त्यामुळे त्यांची ओळख थिलोच्या दारातच झाली.

कपाटाच्या बाजूला काळ्या कापडाचा एक उभा तंबू होता. आल्मुटबाईंना वाटलं, कपडे ठेवायची सोय असेल. चेन ओढली तर आतून पांढरा लख्ख उजेड अंगावर आला. डोळे दिपले. मग दिसल्या तीन कुंड्या. एका कुंडीतलं झाड वाळून कोलमडलं होतं. बाकीच्या दोघांनी माना टाकल्या होत्या, पण जीव होता.

"हे काय आहे?"

लेव्हेंटने दाढी खाजवली. "गांजा आहे, फ्राऊ हिन्रिक्स. आता चालतं. कायद्याने माणशी तीन झाडं."

"थिलोचा?"

"हो. जुलैत बिया लावल्या होत्या. पहिल्यांदाच करत होता. रोज पाळीवर यायचा आणि मला फोनवर फोटो दाखवायचा. एवढंसं पान आलं तरी फोटो. मी म्हटलं, अरे, तुला पोरगं झालंय की झाड आलंय?"

आल्मुटबाईंनी नळाखाली भांडं भरलं आणि दोन्ही कुंड्यांना पाणी घातलं. मग वाळलेल्या तिसऱ्यालाही घातलं. दुपारपर्यंत पलंग सुटा झाला, भांडी खोक्यांत गेली, आणि दोन्ही झाडांनी माना वर केल्या. त्या झाडांसमोर उभ्या राहून आल्मुटबाईंच्या मनात आलं ते मी सरळच सांगतो. या खोलीतली बाकी प्रत्येक गोष्ट थिलोने विकत घेतली होती. एवढीच दोन होती जी त्याने सुरू केली होती, आणि ती अजून चालू होती. ती थांबू द्यायची नाहीत.

"ही माझ्याबरोबर येतील," त्या म्हणाल्या.

"गाडीतून अशी नेणं कायद्यात बसतं की नाही, मला ठाऊक नाही," लेव्हेंट म्हणाला. "पण विचारायला कोण जातंय."

झाडांवर चादर टाकून त्याने ती व्हॅनमधून युल्त्सनला आणली. थिलोच्या जुन्या खोलीत तंबू उभा केला, दिवा टांगला, टायमर लावला. पाणी कसं घालायचं ते दाखवलं. निघताना दारात म्हणाला, "टायमरला हात लावू नका. सकाळी आपोआप लागतो, मध्यरात्री आपोआप बंद होतो. तेवढं चालू राहू दे." आल्मुटबाईंनी मान हलवली. का, ते विचारलं नाही. आणि त्याने सांगितलं नाही, कारण त्याला वाटलं, बाईंना पीक हवंय. कोणालाही तसंच वाटलं असतं.

आल्मुटबाईंना झाडं नवीन नव्हती. आमच्याकडे प्रत्येक खिडकीत जिरॅनियम असतंच, आणि आल्मुटबाईंचं तर त्यांच्या आईकडून आलेलं. थंडी पडली की छाटायचं, तळघरात अंधारात ठेवायचं, मार्चमध्ये वर आणायचं, एखादी फांदी मोडून दुसऱ्या कुंडीत खोचायची. असं ते झाड आईच्या मागे इतकी वर्षं तग धरून होतं. थिलोचंही तसंच करू, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं. नवशिक्या माणसाचा आत्मविश्वास, दुसरं काय.

पहिला फटका लगेच बसला. झाड मलूल दिसलं की त्या पाणी घालायच्या, पाणी घातलं की ते आणखी मलूल व्हायचं, म्हणून आणखी घालायच्या. खालची बशी कायम भरलेली. एक दिवस बुंधा हाताशी मऊ लागला. कुंडी उलटी केली तर मुळं काळी पडून कुजलेली. आल्मुटबाई त्या चिखलाकडे बघत न्हाणीघराच्या फरशीवर बसून राहिल्या. मग फरशी पुसली. आता एकच उरलं होतं.

त्या एकाला त्या डोळ्यांत तेल घालून जपू लागल्या. बोट मातीत खुपसून पाहिल्याशिवाय थेंब पाणी नाही. पानांच्या मागे किडे बघायला वाचायचा चष्मा. पण तो दिवा काही त्यांच्या पचनी पडेना. तंबूच्या शिवणींतून उजेड झिरपायचा, आणि रात्री पाणी प्यायला उठलं की दाराखाली पांढरी रेघ दिसायची. ऑपरेशनच्या खोलीतला असावा तसा कोरडा उजेड. त्यात बिचारं झाड टक्क जागं. मध्यरात्रीनंतर कुठे चार घटका अंधार, की पुन्हा लखलखाट. थिलोची रात्रपाळीही अशीच होती. तो दिवसा, बाहेर ट्रॅम घणघणत असताना, तोंडावर उशी घेऊन पडायचा. त्यांना ते कधी सहन झालं नव्हतं, पण चौतीस वर्षांच्या मुलाच्या झोपेत आईने किती लुडबूड करायची? या झाडाच्या बाबतीत मात्र त्यांना कोणी अडवणारं नव्हतं.

शेवटी एका सकाळी त्यांनी टायमर काढला. तंबूची घडी करून तो दिव्यासकट तळघरात ठेवला. कुंडी दक्षिणेच्या खिडकीत, जिरॅनियमच्या शेजारी मांडली. सप्टेंबरचं ऊन छान येत होतं. संध्याकाळ झाली की त्या शटर पार खालपर्यंत सोडायच्या, रस्त्यावरच्या दिव्याची तिरीपसुद्धा आत येऊ नये म्हणून. शटरचा पट्टा हातातून हळूहळू सोडायच्या, आवाज होऊ नये म्हणून. "झोप आता," असं एकदा तोंडातून गेलं, तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं, घरात कोणी नसताना.

झाड खूष दिसलं. दोन आठवडे सपाट्याने उंच झालं. मग फांद्यांच्या बेचक्यांत पांढरे केस फुटले, केसांचे झुबके झाले, झुबक्यांचे तुरे. जिरॅनियम फुलतं तेव्हा ते मजेत असतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी रविवारी लेव्हेंटला फोन केला. थिलोच्या फोनची वेळ मोकळी पडायला लागल्यापासून त्या अधूनमधून त्यालाच करायच्या.

"झाड छान आहे," त्या म्हणाल्या.

"छान," लेव्हेंट म्हणाला. "तुम्ही?"

"इकडे पाऊस आहे."

ऑक्टोबरात एका सकाळी त्यांनी त्या खोलीचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकल्या. खोलीत थिलो होता.

म्हणजे त्याचा वास होता. उग्र, ओलसर, थोडा लिंबाच्या सालीसारखा. हा वास त्यांच्या चांगलाच ओळखीचा होता. नाताळला थिलो घरी आला की दारातच त्याच्या जाकिटाला, स्वेटरला हा वास यायचा. "गोदामातली घाण," म्हणून त्या त्याला धड बसूही द्यायच्या नाहीत, सगळं उतरवून मशीनमध्ये. मग तो जुना गाऊन घालून स्वयंपाकघरात बसायचा आणि हसायचा. "आई, तू माझी वाट बघत होतीस की माझ्या कपड्यांची?" धुलाईघरात जन्म काढलेल्या बाईला वास म्हणजे धुवायचं राहून गेलेलं काहीतरी, एवढंच कळत होतं. कसला वास ते त्यांनी कधी विचारलं नाही.

आणि आता एक शर्ट उरला नव्हता. हानोव्हरहून आणलेले सगळे कपडे त्यांनी त्याच आठवड्यात धुतले होते, चादरी, उशांचे अभ्रे, सगळं, कढत पाण्यात. इस्त्री करून, घड्या घालून कपाटात रचले होते. हात थांबलेच नाहीत. त्या सकाळी खिडकीपाशी तोंड त्या तुऱ्यांत खुपसून आल्मुटबाई रडल्या. दफनाच्या दिवशी ज्या बायकांना त्यांचं न रडणं खटकलं होतं, त्यांनी तेव्हा यायला हवं होतं.

त्या दिवसापासून त्या खोलीची खिडकी उघडणं बंद झालं. हे किती मोठं आहे ते आमच्या गावच्या माणसालाच कळेल. ऐन जानेवारीत सकाळी सगळ्या खिडक्या सताड उघडून घर गारठवणारी ही बाई. वास दाराखालून जिन्यात आला, जिन्यातून रस्त्यावर, आणि एक दिवस डेटमरबाई घंटा वाजवून दारात उभ्या राहिल्या. तीस वर्षं समोरासमोर राहून दोघी एकमेकींना अजून 'अहो'च म्हणायच्या.

"तुमच्याकडे उंदीर मेलाय का हो?"

"गांजा आहे," आल्मुटबाई म्हणाल्या. "थिलोचा."

डेटमरबाईंनी थोडा विचार केला. "असं होय. मला वाटलं, गटार तुंबलं." मग जाताजाता, मागे न बघता, "दार लोटून घ्या, उगाच वास जातोय बाहेर." चांगली बाई आहे, मी नेहमी म्हणतो.

नोव्हेंबरातला मृतांचा रविवार आला. त्या दिवशी चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात आणि प्रत्येक नावाला एक मेणबत्ती लागते. लेव्हेंट त्यासाठी हानोव्हरहून आला आणि शेवटच्या बाकावर टोपी हातात घेऊन बसला. थिलो हिन्रिक्स हे नाव पाद्र्याने फार भरभर वाचलं. मग दोघं कबरीवर गेले. आल्मुटबाईंनी थंडीसाठी मातीवर फर वृक्षाच्या फांद्या अंथरल्या. लेव्हेंटने नळावरून झारी भरून आणली आणि डोक्यापासून पायापर्यंत कबरीवर पाणी शिंपलं, त्याच्या लोकांत शिंपतात तसं. नोव्हेंबरात कबरीवर पाणी कोण घालतं, पण आल्मुटबाईंनी दुसरी झारी भरून आणून त्याच्या हातात दिली.

घरी आल्यावर त्या त्याला थेट झाडाकडे घेऊन गेल्या. दाखवायची घाई झाली होती त्यांना.

"अरे वा," लेव्हेंट म्हणाला. "हे तर तयार झालं की. तुरे जरा विरळ आहेत, पण पहिल्या खेपेला असंच. केस बघा, सगळे तांबूस झालेत. याच आठवड्यात कापायला हवं."

"कापायचं नाहीये," आल्मुटबाई म्हणाल्या. "पिवळं पडलंय ते थंडीने. जिरॅनियमही पडतं. आता छाटून तळघरात ठेवते, मार्चमध्ये वर आणीन. वाढलं की एक फांदी तुलाही देईन."

लेव्हेंटचा हात तुऱ्यावरच राहिला. "फ्राऊ हिन्रिक्स, हे तसं झाड नाही. हे एका हंगामाचं. फुललं की संपतं."

"मग न फुलवता ठेवायचं."

"आता फुललंय."

"म्हणजे न फुलवता ठेवता येतं?"

तो खोलीत इकडेतिकडे बघू लागला. छताकडे, कोपऱ्यात, मग खिडकीच्या शटरकडे.

"दिवा कुठे आहे?"

"तळघरात. का?"

"केव्हापासून?"

"सप्टेंबरपासून. एवढ्या उजेडात कोणाला झोप लागते? मी संध्याकाळी शटर लावते, चांगला काळोख करते. लेव्हेंट, काय झालं?"

"काही नाही. चला, कॉफी घेऊ."

"मी विचारतेय. काय झालं ते सांग."

लेव्हेंट खिडकीच्या कट्ट्याला टेकला. त्याला पळून जावंसं वाटत होतं, ते त्याच्या पायांवरून दिसत होतं. "दिवस लांब असला की झाडाला वाटतं, उन्हाळा चालू आहे," तो म्हणाला. "मग ते नुसतं वाढत राहतं. रात्र लांब झाली की त्याला कळतं, हिवाळा आला. मग ते घाईघाईने फुलतं, आणि मरतं. त्या दिव्याचं काम तेवढंच होतं. रात्र लांब होऊ द्यायची नाही."

"आणि दिवा चालू ठेवला असता तर?"

"वाढत राहिलं असतं."

"किती?"

"फ्राऊ हिन्रिक्स."

"किती वर्षं, लेव्हेंट?"

"काही लोक खूप वर्षं ठेवतात. त्याच्या फांद्या लावून नवी झाडं करतात. आईझाड म्हणतात त्याला."

आल्मुटबाईंनी थिलोच्या लहानपणच्या पलंगाचा काठ चाचपला आणि त्यावर बसल्या. हात मांडीवर, एकात एक. "मी त्याला रोज झोपवत होते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, त्याला झोप हवी असेल."

अशा वेळी माणूस नको ते बोलतो, तसं लेव्हेंट बोलला. "चूक माझीच आहे. नीट सांगायला हवं होतं. थिलोने मला सगळं समजावलं होतं. त्याला तरी कुठे झोप लागायची. पाळी सुटल्यावर तासन्‌तास तळमळायचा. म्हणून तर सकाळी जरा ओढायचा, तेव्हा कुठे डोळा लागायचा. मग म्हणाला, विकतचं नको, आपलं आपण लावू."

"मला तर म्हणायचा, झोपतो."

"तुम्हाला काळजी नको म्हणून."

"मी दर रविवारी विचारत होते," आल्मुटबाई म्हणाल्या. "दर रविवारी विचारत होते रे."

बाहेर अंधारून आलं. समोर डेटमरबाईंची शटरं खाली आली, मग शेजारची, मग पलीकडची. आल्मुटबाई उठल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ते फ्राऊ हिन्रिक्स, फ्राऊ हिन्रिक्स आता पुरे. मला आल्मुट म्हण."

"आईच्या वयाच्या बाईला नुसतं नावाने हाक मारली तर माझी आई मला घरात घेणार नाही," लेव्हेंट म्हणाला. "आल्मुट तेझे म्हणेन. तेझे म्हणजे मावशी."

"म्हण."

त्याने एक उपाय सांगितला, आणि बहुतेक जमत नाही हेही सांगितलं. वरचे तुरे कापायचे, खालची थोडी पानं राखायची आणि पुन्हा दिवा लावून झाडाला उन्हाळा आलाय असं पटवायचं. जमलं तर नवी पालवी फुटते. त्याने तळघरातून दिवा वर आणला. तुरे मात्र आल्मुटबाईंनी स्वतः कापले, शिवणाच्या कात्रीने, एकेक करून. त्या फांद्या थिलोच्या खोलीतच दोरीवर उलट्या टांगल्या, जशा त्यांनी जन्मभर चादरी टांगल्या होत्या. वाळेपर्यंत घरात त्या वासाने ठाण मांडलं. त्या दिवसांत आल्मुटबाई कुठेही गेल्या नाहीत. पावसुद्धा डेटमरबाईंनी आणून दिला, नाक दाबून.

दिवा हिवाळाभर जळत राहिला. खोडाशेजारी खुर्ची टाकून त्या विणत बसायच्या. जानेवारीत खालच्या बेचक्यात एक पान आलं, गोल, कडेला दाते नसलेलं, त्या झाडाचं वाटूच नये असं. लेव्हेंट फोनवर ओरडलाच, "तेच ते, तसंच येतं पहिलं, आल्मुट तेझे." त्यांनी त्याला फोटो पाठवला. आयुष्यातला त्यांचा पहिला फोटो, अर्ध्यात अंगठा आलेला. चार दिवस त्या गावात सगळ्यांशी बोलत होत्या. मग ते पान कडेने तपकिरी झालं आणि कुंडीत गळून पडलं. त्यामागे दुसरं आलं नाही. खोड खालून वाळत वर आलं. त्यांनी ते उपटलं नाही, दिवाही लगेच बंद केला नाही.

वाळलेले तुरे एका बरणीत मावले, मुरंब्याच्या. लेव्हेंटला त्या म्हणाल्या, घेऊन जा, तुम्ही दोघं मिळूनच ओढणार होतात ना. त्याने नाही म्हणून मान हलवली. "तुमच्याकडे ठेवा. झाकण घट्ट लावून, अंधारात. न उघडता ठेवलीत तर वास वर्षभर टिकेल, जास्तही. उघडली की दर वेळी थोडा उडतो."

"मग उघडायचीच नाही?"

"टिकवायचा असेल तर."

"बंद बरणीत टिकवून मी काय करू?" आल्मुटबाई म्हणाल्या.

सुरुवातीला त्या बरणी फक्त रविवारी उघडायच्या, फोनच्या वेळेला. मग बुधवारीही. फेब्रुवारीत लोक घराबाहेर पडत नाहीत, आणि आल्मुटबाईंना सांगायला, थांबवायला कोणी नव्हतं. सकाळी उठल्यावर, जेवणाआधी, इस्त्री करताना मध्येच. झाकण काढायचं, डोळे मिटायचे, झाकण लावायचं. एकदा बरणी उघडी ठेवूनच त्यांना डुलकी लागली, आणि जाग आल्यावर त्यांनी झाकण असं दाबलं की तळहातावर वळ उठला.

ईस्टरला लेव्हेंट आला, आईने दिलेले तिळाचे पाव घेऊन. आल्मुटबाईंनी टेबलावर कप मांडले होते. तो जाकीट काढून बसायच्या आत त्यांनी बरणी त्याच्यापुढे धरली.

"मला येईनासा झालाय," त्या म्हणाल्या. "माझं नाक मेलंय की काय, कोण जाणे. तू बघ. तुला येतो का?"

लेव्हेंटने झाकण काढून बरणी नाकाशी धरली. बराच वेळ धरली. बरणीत होतं ते गवत, सुकलेलं, कोणत्याही गोठ्यात असतं तसं. त्याने एकदा आल्मुटबाईंकडे पाहिलं आणि पुन्हा नाक बरणीत घातलं.

"येतो," तो म्हणाला. "येतो ना, आल्मुट तेझे. चांगला येतो."

तो खोटं बोलत होता हे त्यांना कळलं. बरणी त्याच्या हातातून घेऊन त्यांनी झाकण लावलं, पुन्हा एकदा पिळून घट्ट केलं आणि म्हणाल्या, "मग ठीक आहे. बस, कॉफी गार होतेय."